झाडांच्या वर जायचं नाही

माझा स्वभाव संशयी आहे, यावर आमच्या घरात एकमत आहे. दूधवाला माप ओततो तेव्हा मी दुधाकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. लेक फोनवर "मजेत आहे" म्हणते तेव्हा मी शब्द सोडून तिचा श्वास ऐकते.

ती दर उन्हाळ्यात हिमालयात जाते. जंगल संपून नुसतं गवत सुरू होतं ती हद्द, हवा तापत चाललीय तशी वर सरकतेय का, हे बघणं तिचं काम. मागे एकदा त्या गवतावरच, विरळ हवेत तिचा श्वास कोंडला आणि लोकांनी तिला पाठीवर घालून खाली आणलं. अरेरा कॉलनीतल्या आमच्या घरी ती परतली, तेव्हा मी तिला माझी शपथ घातली. झाडांच्या वर जायचं नाही. आणि रोज फोटो पाठवायचा, त्यात झाड दिसलं पाहिजे.

फोटो येत राहिले. भोजपत्राचं झाड आणि शेजारी हसणारी लेक. "आता तरी विश्वास ठेव पोरीवर," हे म्हणाले. मला मात्र ते हसू जरा जास्तच वाटायचं.

यंदा एका फोटोत झाडाला टेकवलेली तिची पाण्याची बाटली दिसली. जवाहर चौकातून मीच घेऊन दिलेली, वीतभर उंच. मी फोटो मोठा केला. बाटली झाडाच्या निम्म्यापर्यंत पोचत होती. म्हणजे ते गुडघ्याएवढं रोप होतं, आणि फोन जमिनीलगत धरून फोटो काढलेला होता. पोरगी झाडांच्या वर गेलीय, माझी खात्री पटली.

लगेच फोन लावला. "कुठे आहेस? खरं सांग."

"आई, कसम से, तुझी शपथ नाही मोडली मी. झाडापाशीच आहे. झाडंच वर आलीयेत. मागे मला त्रास झाला होता ना, तिथेच उगवलंय हे."

मी भयंकर चिडले. "मग दुसरी खूण ठरव. तिच्या वर जायचं नाही."

"कोणती ठरवू, आई? इथे आता काहीच जागेवर नाहीये. बर्फ पण नाही."

तिचा श्वास ऐकला. धाप होती, पण खोटं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, ही खोटं बोलत असती तर किती बरं झालं असतं.