मोकळी सीट आणि डावं पॅडल

या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर मनसोक्त हसत आले. जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. वर्गाच्या दाराला कुणी लिंबू-मिरची टांगली, की त्या लिंबाचं मी स्टाफरूममध्ये सरबत करायचे. तेव्हा आता तुम्ही हसा... माझी पाळी आलीय.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बावन्न वर्षांची अल्लड मुलगी होते. आमचे हे पायलट, शिकवायचं लायसन असलेले. यांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून दोन सीटचं जुनं विमान घेतलं आणि धुळ्याजवळच्या धावपट्टीवर ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठा लोके ट्रॅक्टर लेतस, आमना आंडोर इमान लई उना." सगळे लोक ट्रॅक्टर घेतात आणि यांचा मुलगा विमान घेऊन आला, म्हणून सुनेने ते चालवायचंच ठरवलं. दर रविवारी जळगावातल्या आमच्या मेहरूण भागातून उजाडताना निघायचो.

यांच्यासारखा मास्तर मी पाहिला नाही. दोन्ही सीटपुढे पॅडलं असतात, एकमेकांना जोडलेली. मी चुकले की हे ओरडत नसत, आपल्या बाजूचं पॅडल हलकेच दाबत. माझ्या पायाला कळायचं. भाजीत मीठ जास्त झालं तरी हे असंच, गुपचूप पाणी पितात.

मग मार्चमधल्या एका सकाळी हे खाली उतरले, मोकळ्या सीटचा पट्टा बांधला आणि म्हणाले, आता एकटी जाऊन ये. अख्ख्या मेहरूणला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे माघार नव्हती. वर गेले तेव्हा बाईसाहेब चक्क गात होत्या!

उतरताना उजवीकडून वारा उठला. नाक वाऱ्याकडे वळलं, विमान तिरकं झालं. अशा वेळी टेकण्याच्या क्षणी डावं पॅडल दाबून नाक सरळ करायचं असतं. नाहीतर चाकं मोडून विमान उलटू शकतं. किती वेळा घोकलेलं... आणि मी काय केलं? घरात पाल दिसल्यावर करते तेच. दोन्ही पाय वर ओढून घेतले.

जमीन अंगावर येत होती. खाली पाहिलं तर डावं पॅडल आपोआप दबत होतं. हलकेच. नाक सरळ झालं, चाकं टेकली, आणि मग कुठे मला पाय आठवले.

हे धावत आले. "डावा पाय अगदी वेळेवर दिलास गं."

"अहो, माझे पाय तिथे नव्हतेच."

यांना थट्टा वाटली. पण आमचे मेकॅनिक रशीदभाई आम्हाला पट्टीच्या कडेला घेऊन गेले.

"साहेब, तुम्ही इथे उभे होते. बघा."

मुरमात यांच्या डाव्या बुटाचा ठसा होता, चार बोटं खोल. उजव्याची नुसती रेघ. तिथला मुरूम कुदळीलाही दाद देत नाही.

हे म्हणाले, शिकवणाऱ्याचा पाय जमिनीवरही दाबला जातो, सवय असते. बरं, खड्ड्याचं मानलं. पण पॅडलचं काय? दोघांनी विमानाचा तळ उघडला, तारा ओढून पाहिल्या, शेपटीचं पातं हलवून पाहिलं. संध्याकाळ झाली. कुठे काही अडकलेलं नाही, काही सैल नाही.

विज्ञानाच्या बाईंकडे आजही उत्तर नाही. यांना विचारलंत तर हे माझं लॉगबुक पुढे करतील. त्या दिवसाच्या शेऱ्यात यांच्या सुबक अक्षरात लिहिलंय: 'लँडिंग उत्तम. कुणी केलं, माहीत नाही.'