दुसरा फोन

हॉस्पिटलच्या तळघरात बसून बॅकअप सांभाळणाऱ्या माणसाला सगळे तिजोरीकाका म्हणत, पण तिकडे फिरकत मात्र कुणीच नसे. रुग्णांच्या नोंदींच्या जादा प्रती तिथे जपलेल्या असत. त्या ज्या संगणक-खात्यात होत्या, त्याचा पासवर्ड काकांच्या डोक्यात आणि त्यानंतर लागणारा सहा आकडी कोड तिसऱ्या मजल्यावर, रेकॉर्डवाल्या ताईंकडच्या ऑफिसच्या फोनवर. एकट्याला खातं उघडताच येऊ नये, हा नियम काकांनीच भांडून करून घेतला होता.

रोज अकराला काका फोन लावत. "ताई, आकडे?"

"घ्या लिहून. आणि डबा वेळेवर खा. काल आवाज उपाशी माणसाचा येत होता."

नऊ वर्षं दिवसाकाठी त्यांच्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस.

ताई निवृत्त झाल्या. साहेबांनी तो फोन आणून काकांच्याच हातात ठेवला.

काका भडकले. "दोन्ही किल्ल्या एकाच खिशात? मग कुलूप तरी कशाला लावायचं, साहेब?"

"दुसरं माणूस आणू कुठून? घ्या सांभाळून."

काकांनी चरफडत फोन सदऱ्याच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी पासवर्ड टाकला, सवयीने ताईंचा नंबर लावला आणि बोलण्यासाठी घसा खाकरला.

त्यांच्याच खिशात फोन वाजायला लागला. बाहेर काढून पाहिला, तर पडद्यावर ताईंनी साठवलेलं नाव होतं: "तिजोरीकाका, जेवणाचं विचारणे."

काकांनी फोन वाजू दिला.