बाबांच्या जबड्यातलं हाड

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी पाच वर्षं एकच काम केलं. हाडात भरायची पूड बशीत पसरायची, तिच्यावर माणसाच्या मूलपेशी सोडायच्या आणि त्या रुजतात की मरतात ते बघत बसायचं. चिखलीला आमच्या घरी याचा अर्थ एवढाच होता, की पोरगी डॉक्टर झाली, पण कामाची नाही.

गेल्या वर्षी बाबांची दाढ काढली. ते निवृत्त मास्तर. नवीन दाढ बसवायची तर जबड्याचं हाड कमी पडतंय, त्यात पूड भरावी लागेल, असं दातांचे डॉक्टर म्हणाले आणि एकाएकी माझ्या शिक्षणाला भाव आला. मला बोलावून घेतलं.

"कोणाचं हाड हाय हे?" दवाखान्यात बाबांनी विचारलं.

"गाईचं. पण एकदम शुद्ध केलेलं," डॉक्टर म्हणाले.

शुद्ध हा शब्द बाबांनी आजवर तूप आणि लेखन या दोनच गोष्टींसाठी वापरला होता. ते खुर्चीतून उठले ते गळ्यातल्या कागदी रुमालासकट.

"तुह्या बशीत कोणतं चाललं?" त्यांनी मला विचारलं.

"गाईचंच. कृत्रिम पुडीवर बऱ्याच पेशी मेल्या. पण बशीत जमलं म्हणजे तोंडात जमेलच असं नाही, बाबा."

"मंग पाच वर्षं काय करून राह्यली होती तू?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. मी समोरचा पाण्याचा पेला उचलला. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न जरा सभ्य शब्दांत आला होता. तेव्हाही मी पाणीच प्यायले होते.

शेवटी बाबांच्याच जबड्याच्या मागच्या भागातून हाड काढून पुढे भरायचं ठरलं. धर्म वाचला, फक्त एकाऐवजी दोन ठिकाणी चिरावं लागलं. गाल सुजला. आठवडाभर बाबा पातळ वरण पीत आणि पाटीवर सूचना लिहून दाखवत. पाटी पुढे आली की आईला नेमका चष्मा सापडत नसे. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती.

काही महिन्यांनी एक्स-रे काढला. हाड छान रुजलं होतं. ते बघताना माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं बशीत डोकावून मी जिवंत माणसात असं एकदाही पाहिलं नव्हतं.

"रडतं काऊन?" बाबा म्हणाले. मग बाहेर बसलेल्या पेशंटांना त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "पोरीनं सांगतलं, म्हणून सोताचंच हाड घातलं."

मी असं काही सांगितलंच नव्हतं. पण पाच वर्षांत माझ्या संशोधनाचा पहिल्यांदाच कुणी हवाला देत होतं. मी मान डोलावली.