फिलूची टर्की

फोन लिझाचा होता. दुपारचं जेवण आटोपून मी जरा आडवी झाले होते. "आंटी, मम्मी गेली," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "हॉस्पिटलात नाही ना नेलं होतं?" नव्हतं नेलं. फिलू जेवली, हात धुऊन खुर्चीत बसली, आणि तिचा नवरा सायमन चहाचं विचारायला आला तेव्हा ती गेलेली होती... माझा प्रश्न कुणाला विचित्र वाटेल. पण फिलोमेनाला, म्हणजे आमच्या फिलूला, मरणापेक्षा नळ्यांची भीती जास्त. "शालू गो, मला नळ्या लावल्या तर डॉक्टरशी तू भांडायचं. सायमनला भांडता येत नाही," असं तिने मला बजावून ठेवलं होतं. त्या भांडणातून तिने मला सोडवलं. रडू आलंच, पण त्याच्याही आधी मी हुश्श केलं. ते ऐकून ती हसली असती.

आम्ही दोघी अबू धाबीत आपापल्या नवऱ्यांच्या मागून आलो. ती वसईची ख्रिश्चन, मी पुण्याची, एकाच मजल्यावर समोरासमोर दारं. मराठी बोलणारी शेजारीण मिळाली म्हणून ती खूश, आणि शिकवायला कुणीतरी मिळालं म्हणून मी खूश. मी तेव्हा भलतीच हुशार होते. केस कुरळे करून घेतले होते, चिकन खायला नुकतीच शिकले होते, आणि जगातल्या यच्चयावत धर्मांची मला माहिती होती. पहिल्याच डिसेंबरात ह्यांच्या ऑफिसची पार्टी हॉटेलात झाली. तिथे टेबलाच्या मधोमध भाजलेली टर्की पाहिली आणि माझं ज्ञान पूर्ण झालं. गणपतीला जसे मोदक, तशी ख्रिश्चनांना नाताळात टर्की! दुसऱ्याच दिवशी सुपरमार्केटातली सगळ्यांत मोठी गोठवलेली टर्की उचलली, पोटाशी धरून लिफ्टने वर आणली, आणि पोट बधिर झालेल्या अवस्थेत फिलूच्या दारात उभी राहिले. "तुमच्यात लागते ना!" फिलूने त्या धोंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हो हो, लागते ना," ती म्हणाली. "ये गो आत."

फ्रीजमध्ये ती मावेना, म्हणून बाथटबमध्ये ठेवली. ती वितळेपर्यंत सायमन आमच्याकडे आंघोळीला येत होता. फिलूने तिला वसईहून आणलेला बाटली मसाला चोपडला, पोटात बटाटे भरले आणि देवाचं नाव घेऊन ओव्हनमध्ये ढकलली. बाहेरून लालबुंद, आत पांढरा कापूस! आमचे हे प्रत्येक घासावर पाण्याचा घोट घेत होते. मी मात्र डोळे मिटून म्हणाले, "वा! अस्सल!" कशाच्या तुलनेत अस्सल, हे मला कुणी विचारलं नाही म्हणून बरं. पुण्याला आईशी फोनवर बोलताना तर मी असा आव आणला, की माझं सगळं बालपण विलायतेत गेलं असावं.

मग दरवर्षी मी टर्की न्यायची आणि फिलूने ती भाजायची, असं ठरूनच गेलं. मसाले बदलले, कधी लोणी, कधी दही. आतला कापूस काही बदलला नाही. छोटी लिझा एकदा भर टेबलावर "It's so dry!" म्हणाली, तर फिलूने डोळे वटारले. मला वाटलं, किती श्रद्धाळू बाई! पुढे नवरे रिटायर झाले, आम्ही आमच्या मुलाकडे आणि ते दोघं लिझाकडे राहायला आलो, अल रीम बेटावर, दोन टॉवर सोडून. दोघी म्हाताऱ्या पुन्हा शेजारी, आणि मध्ये पुन्हा टर्की. शेवटची भेटली तेव्हासुद्धा, खालच्या बाकावर बसून गुडघे चोळत ती म्हणाली होती, "या वर्षी जरा लहान आण गो." मी म्हणाले, "लहान कशाला? मोठीच आणते! तू अजिबात काळजी करू नकोस."

तिला वसईच्या मातीत ठेवून सायमन परत आला तो निम्मा होऊन. नाही म्हणायचा नाही, पण खायचाही नाही. ताटात घोळवत बसायचा आणि चहात पाव बुडवून दिवस काढायचा. नाताळ जवळ आला तशी लिझा फोनवर काकुळतीला आली. "आंटी, पार्टी वगैरे नको, पण त्या दिवशी पपाने चार घास खाल्ले पाहिजेत. काय करायचं?" मी लगेच पदर खोचला. "काय म्हणजे? टर्की मी सांगून ठेवते. फिलूची परंपरा आहे ती!" लिझाने मला थांबवलं. "आंटी, प्लीज रागावू नका. मम्मीला टर्की आवडायची नाही. पपालाही नाही. She made it for you!"

"माझ्यासाठी?"

"तुम्हाला इतकी आवडते म्हणून. मम्मी म्हणायची, शालू पुण्याहून आलीय, तिचं मन मोडायचं नाही."

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि इतकी हसले की ह्यांना वाटलं, मी रडतेय. त्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे आता खायला नको? खलास?" एखाद्या माणसाला जन्मठेपेतून सोडल्यावर होईल तसा चेहरा झाला होता त्यांचा.

मग मी थेट सायमनकडे गेले. म्हटलं, "टर्की रद्द. वसईला तुमच्या घरी नाताळात काय असायचं, ते सांग." त्याने चहातला पाव बाजूला ठेवला. मग म्हणाला, "बदक." मग, "व्हिनेगर घालून. मोयली म्हणतो आम्ही." मग त्याची गाडी सुटलीच. कांदा किती तांबूस हवा, बटाटा केव्हा टाकायचा, बरोबर तळलेले मैद्याचे फुगे कसे हवेत, फिलूची आई बदकं कशी हाकत आणायची... परत आल्यापासून तो इतकं बोलला नव्हता. लिझा दारात उभी राहून ऐकत होती. नाताळच्या सकाळी फिलूच्या स्वयंपाकघरात बदक आम्ही तिघांनी मिळून शिजवलं, म्हणजे मी आणि लिझाने शिजवलं आणि सायमनने चुका काढल्या.

टेबलावर बसलो तेव्हा मी पहिलं ताट सायमनचं वाढलं. सायमनने फुग्याचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. "व्हिनेगर कमी पडलंय," तो म्हणाला.

फिलूने काहीही केलं तरी तो असंच काहीतरी कमी असल्याचं सांगायचा आणि मग दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. फिलू म्हणायची तेच मी म्हटलं, "मग उद्यापासून तू कर!"

"करेन," सायमन म्हणाला आणि ताट पुढे केलं. माझी नात, जिला टर्कीच्या वेळी हटकून पोटदुखी व्हायची, तिने पातेलं पावाने पुसून काढलं.

आता तो खरंच स्वयंपाक करतो. आवराआवर करताना लिझाने टर्की भाजायचा तो अवाढव्य ट्रे पुढे केला, "आंटी, याचं काय करू?" तो मी घेऊन आले. माझ्या ओव्हनमध्ये तो जात नाही, म्हणून ह्यांच्याकडून त्याच्या तळाला भोकं पाडून घेतली. ह्यांनी एरवी घरात खिळा ठोकला नाही, पण ही भोकं फार मनापासून पाडली; गरज होती त्यापेक्षा बरीच जास्त. त्यात माती भरून बाल्कनीत कोथिंबीर लावली आहे. चांगली वीतभर झाली आहे. संध्याकाळी सायमन फिरून येताना वर येतो, चहा घेतो, मूठभर खुडून खिशात घालतो. काल मी त्याला घाईघाईने काढून द्यायला गेले, तर म्हणाला, "मुळासकट नको गो शालू, वरून खुड... परत येते ती."