बाबांसाठी निवडलेली डिस्क

डिस्क गोल्फ आमच्या घरात आणला तो नवऱ्याने. कंपनीच्या कामासाठी परदेशी गेला होता, तिथे शिकला. येताना थाळीसारख्या तीन प्लास्टिकच्या डिस्क घेऊन आला, दोनदा खेळला आणि विसरला. त्या उचलल्या माझ्या सासऱ्यांनी. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते अधिकारी होते. निवृत्तीनंतर रिकामं बसणं त्यांना जमेना. जवळच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यांनी खांबावर साखळ्या लोंबणारी टोपली बनवून घेतली. बदलापूरबाहेर, बारवी धरणाच्या रस्त्याला एक माळ आहे. तिथे ती टोपली उभी करायची आणि लांबून डिस्क फेकत फेकत, कमीत कमी फेकींत तिच्यात पाडायची, एवढाच खेळ.

एका रविवारी ते मला म्हणाले, "चल गं माझ्याबरोबर. एकट्याला बोअर होतं."

सून म्हणून त्या घरात वावरताना मी बाबांशी कामापुरतंच बोलत आले होते. माळावर मात्र आम्ही बोलायला लागलो. माझी फेक वाकडी गेली की ते म्हणायचे, "मनगट सैल सोड. पोळी लाटत नाहीयेस." घरी कुणी असं म्हटलं असतं तर मला राग आला असता. तिथे हसू यायचं.

पावसाळा सरल्यावर त्यांनी ठरवलं, आता लांब पल्ल्याची डिस्क घ्यायची. तिला डिस्टन्स ड्रायव्हर म्हणतात. "तूच बघ ऑनलाइन. दोघांना एकेक मागव. मला मात्र सगळ्यात फास्ट असलेली."

मी बसून वाचलं. प्रत्येक ड्रायव्हरवर वेगाचा आकडा असतो. मला वाटलं होतं, आकडा मोठा म्हणजे डिस्क लांब जाणार. तसं नव्हतं. मोठ्या आकड्याच्या डिस्कला हातही तेवढाच जोरकस लागतो. हात हळू पडला तर ती उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या डावीकडे वळते आणि लवकर खाली येते. नवख्यांनी आणि वयस्कर खेळाडूंनी हलकी, कमी आकड्याची घ्यावी, असं स्पष्ट लिहिलं होतं. स्वतःसाठी मी तशीच निवडली, पिवळी. त्यांच्यासाठीही तीच घ्यायला हवी होती. पण त्यांना सांगणार काय? बाबा, तुमच्या हातात आता तेवढा जोर नाही? वाक्य जिभेवर आलं आणि गिळलं. त्यांना हवी होती तीच, जड आणि वेगवान, निळी डिस्क मी मागवली. मान राखला, असं स्वतःला समजावलं.

पहिल्याच सकाळी माझी पिवळी इतकी सरळ तरंगत गेली की मला आनंद आवरेना. त्यांची निळी थोडी गेली आणि डावीकडच्या करवंदीच्या जाळीत घुसली. दुसरी फेक, तिसरी फेक, तेच. काटे बाजूला करून ती काढताना त्यांचा हात ओरबाडला.

"तुला छान जमायला लागलं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, म्हणूनच मला जास्त लागलं.

पुढचे काही रविवार मी मुद्दाम आखूड फेकत राहिले. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मग एके दिवशी मी आवरून बाहेर आले तर बाबा पेपर वाचत बसले होते. "तू जाऊन ये," ते म्हणाले. "माझं वय झालं गं. खांद्यात दम नाही राहिला."

सासूबाई आतून म्हणाल्या, "बरं झालं. या वयात कसली ती फेकाफेकी."

बाबा चष्मा काढून पुसत राहिले. मला तिथे उभं राहवेना.

"बाबा, चूक खांद्याची नाही, डिस्कची आहे," मी म्हणाले. "ती तुम्हाला सूट होणार नाही हे मला मागवतानाच माहीत होतं." आणि वाचलेलं सगळं सांगितलं.

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमचा हात हळू आहे असं कसं सांगू?"

"हळू आहेच. ते मला माहीत नाही का? पण मला वाटत होतं, हात पार गेला. रोज गॅलरीत उभा राहून नुसता फिरवून बघतोय."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले, पायांत बूट घातले आणि म्हणाले, "चल, तुझी दे बघू एकदा."

माळावर त्यांनी पिवळी फेकली. फार लांब गेली नाही. पण सरळ गेली आणि मोकळ्या गवतात अलगद टेकली. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग पुन्हा फेकली, पुन्हा पुन्हा फेकली. ती त्यांच्याकडेच राहिली. मी स्वतःसाठी दुसरी मागवली.

आता ते पुन्हा दर रविवारी येतात. फक्त एक फरक पडला आहे. डॉक्टरांचा रिपोर्ट मी वाचून दाखवला किंवा बाबांनी केलेली भाजी चांगली झाली म्हटलं, की ते हसत विचारतात, "खरं सांगतेयस ना?" मी हो म्हणते, आणि ते खरंच असतं. तरीही दर वेळी माझी नजर आधी खाली जाते.