रक्त कमी आहे, एवढंच

मुलगी तान्ही असतानाच तिला थॅलेसेमिया असल्याचं कळलं. या आजारात शरीरात रक्त धड तयारच होत नाही, ते दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. भोपाळच्या रक्तविकारांच्या संस्थेत आम्ही इतके रुळलो, की तिथल्या सिस्टर मला घरच्यासारख्या रागवायच्या. पण घराबाहेर आजाराचं नाव काढायचं नाही, असा सासऱ्यांचा हुकूम होता.

"पोरीची जात आहे, सूनबाई. उद्या लग्न करायचं आहे तिचं. कोणी विचारलं तर सांगायचं, रक्त कमी आहे, एवढंच."

दुसऱ्यांच्या रक्तावर जगणाऱ्या पोरीच्या लग्नाची काळजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा नेहमीप्रमाणे गप्प. मी एकटी किती तोंड वाजवणार?

आता मराठी माणसाला सांगून बघा, पोरीला रक्त कमी आहे म्हणून. अरेरा कॉलनीतली ओळखीची सगळी मराठी घरं कामाला लागली. अळिवाचे लाडू, खजूर, गूळ-दाणे. मराठी मंडळातल्या एका काकूंनी तर नागपूरहून लोखंडी कढई आणून दिली, भाज्या हिच्यातच कर म्हणाल्या. बिट्टन मार्केटात भाजी घेताना मागून आवाज यायचा, "अगं, बच्ची किती पीली पडली आहे! पालक घे ना जास्तीचा!"

खरी गोष्ट उलटी होती. चढवलेल्या रक्तातून लोह येतं, ते हृदयात आणि यकृतात साठत जातं. ते बाहेर काढायला मुलगी रोज गोळ्या घेत होती. मी डबे दारातूनच परत करायची आणि शिष्ट ठरायची. मी घरी नसताना आलेले डबे सासरे ठेवून घ्यायचे आणि नातीला मांडीवर बसवून भरवायचे. "लाडवाने कोणाचं वाईट झालं आहे का?" हे वर. कधीतरी एखादा लाडू देत असतील, असं मला वाटायचं.

मग थोरल्या मुलाचा बोनमॅरो तिच्याशी जुळला. आजार मुळातून जाण्याची ती एकच वाट होती. पण डॉक्टरीणबाईंची अट होती, आधी अंगातलं लोह उतरलं पाहिजे, नाहीतर जिवाला धोका. आम्ही वाट बघत राहिलो. प्रत्येक तपासणीत लोह जिथल्या तिथे. मी गोळ्यांवर चिडले, लॅबवर चिडले, शेवटी डॉक्टरीणबाईंवरही आवाज चढवला.

त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. "एक तरफ़ से हम लोहा निकाल रहे हैं, दूसरी तरफ़ से आप लोग भर रहे हैं। कौन खिला रहा है इसको?"

सासऱ्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मैं," ते म्हणाले. "और आधा भोपाल."

गणपतीचे दिवस होते. संध्याकाळी मंडळात आरती संपली आणि प्रसाद वाटायच्या आधी सासऱ्यांनी माइक मागून घेतला. मला वाटलं, वर्गणीबद्दल बोलतील.

"माझ्या नातीला थॅलेसेमिया आहे," ते म्हणाले. "मी लपवलं. तुम्ही मायेने खाऊ घातलं आणि तिचं ऑपरेशन अडलं. तुमची चूक नाही, माझी आहे. आता तिला लोहाचं काही देऊ नका. आणि हा आजार आईबापांच्या रक्तातून येतो, म्हणून घरात लग्न ठरत असेल, तर पत्रिकेच्या आधी दोघांचं रक्त तपासा."

कढईवाल्या काकू तरातरा पुढे आल्या. "आधी सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?" असं म्हणता म्हणता काकूंनाच रडू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून डबे थांबले आणि फोन सुरू झाले. हे चालेल का, ते चालेल का? जेवणासोबत चहा घेतला तर लोह कमी भिनतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर मुलगी तर आनंदाने नाचलीच. मांडवातल्या त्या संध्याकाळी मला सासऱ्यांचा फार अभिमान वाटला होता. तोंडावर मात्र मी बोलले नाही.

लोह हळूहळू उतरलं. भावाचा बोनमॅरो तिला दिला गेला. काचेपलीकडच्या खोलीतले ते दिवस मला आठवायलाही नकोत. घरी आल्यावरही अधूनमधून रक्त चढवावं लागायचं.

अशाच एका सकाळी मी, मुलगी आणि सासरे संस्थेत गेलो. सवयीने मी तिची बाही वर सरकवली आणि बसून राहिले. रक्ताची पिशवी काही येईना. माझा पारा चढला. लेकराला असं ताटकळत ठेवतात म्हणजे काय? तणतणत तिला घेऊन आत गेले आणि विचारलं, "अभी तक खून क्यों नहीं चढ़ाया?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "अब ज़रूरत नहीं है। इसका अपना बन रहा है।"

मी तिथल्याच स्टुलावर बसले आणि मोठमोठ्याने रडले. सासरे घाबरून आत धावत आले. "काय झालं? सूनबाई, बोल ना, काय झालं?"

मुलीने बाही खाली ओढली. "काही नाही झालं, आजोबा. आज काही चढवायचं नाहीये. घरी चला."