ताईच्या हळदीतली सनई

बुक्कीनं कांदा फोडला आणि त्याचा झणका नाकात गेला, की मला न्हावऱ्यातला ताईच्या हळदीचा मांडव आठवतो. सनई चढत गेली तसे ताईनं दोन्ही कान गच्च दाबले. “मामा, बंद करा वो ती, डोक्यात घुसतीय,” एवढं म्हणेपर्यंत तिची नजर थिजली. मामा ओरडले, “पोरीला फिट येतीय, कांदा आणा!” फोडलेला कांदा नाकाशी नीट धरता यावा म्हणून बायकांनी तिचे हात कानांवरून ओढून काढले आणि दाबून ठेवले. मग ती पाटावरच थडथडा उडायला लागली.

तिला गाण्यानंच फिट येते, हे इतक्या वर्षांनी परवा दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मांडवभर माणसं कांद्यासाठी धावली होती. सनईवाल्याला थांब म्हणायला एकही जण उठला नव्हता.